थांबवण्याचा हक्क

साशंक : आघातातून वाचलेल्या माणसांना गटात बसवायचं, चित्रपट दाखवायचा आणि त्यावरच्या बोलण्यातून उपचार साधायचा, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. म्हणूनच मला तिची धास्ती वाटते. ज्या बाईवर अत्याचार झाला, ज्याच्या डोळ्यांदेखत घर कोसळलं, ज्यानं लहानपणी रोज मार खाल्ला, त्यांची आठवण शब्दांत कमी आणि दृश्यांत जास्त साठलेली असते. ती न बोलावता येते. एखाद्या आवाजानं, वासानं, दाराच्या करकरीनं येते. अशा माणसाला आपण अंधाऱ्या खोलीत बसवणार आणि त्याच्यासमोर मोठ्या आवाजात, क्षणाक्षणाला बदलणारी दृश्यं उभी करणार. मार्डी होरोविट्झ या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं 1970 च्या आसपास धडधाकट माणसांना त्रासदायक फिल्म दाखवून पाहिली, तेव्हा ती दृश्यं पुढेही नको असताना त्यांच्या मनात घुसत राहिली. पुढे एमिली होम्स यांच्यासारख्या संशोधकांनी हीच रीत प्रयोगशाळेत वापरली. म्हणजे आघाताची छोटी प्रतिकृती घडवायची असेल तर शास्त्रज्ञ जे साधन हाती घेतात, तेच तुम्ही औषध म्हणून सुचवता आहात. एप्रिल 2013 मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. नंतरच्या पाहणीत असं आढळलं, की पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्या बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताणाची लक्षणं सांगितली. पडदा इतका निरुपद्रवी नाही.

पुरस्कर्ता : पडदा निरुपद्रवी आहे असं मीही म्हणत नाही. निरुपद्रवी असता तर त्याचा उपयोगही झाला नसता. बॉस्टनच्या पाहणीतून मात्र सरळ निष्कर्ष काढता येत नाही. आधीच हादरलेली माणसंच टीव्हीला जास्त चिकटून बसली असतील, हीही शक्यता उरतेच. शिवाय ती एकेकटी, न थांबता, त्याच घटनेची दृश्यं पाहत होती. मी सांगतो आहे ते याच्या उलट आहे. तुम्ही होरोविट्झ यांचं नाव घेतलंत, मी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांचं घेतो. 1960 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना कारखान्यातल्या अपघातांसारख्या अंगावर काटा आणणाऱ्या फिल्म दाखवल्या आणि त्यांच्या हृदयाचे ठोके, त्वचेची विद्युतवाहकता मोजली. दृश्यं तीच ठेवून आधीचं किंवा सोबतचं निवेदन बदललं, की शरीराची प्रतिक्रियाही बदलायची. डोळ्यांना काय दिसलं यापेक्षा ते कोणत्या चौकटीत दिसलं, कुणी सोबत होतं का, काय येणार हे आधी माहीत होतं का, याला मोल आहे. गटातला समुपदेशक ती चौकट घडवतो. आणि आघाताचाच चित्रपट दाखवा, असं मी कुठे म्हटलं? भूकंपातून वाचलेल्याला भूकंपाचा चित्रपट दाखवणं हा अडाणीपणा आहे. हुंडाबळीच्या प्रयत्नातून वाचलेल्या बाईला स्टोव्हचा भडका दाखवणं हा गुन्हा आहे.

साशंक : मग दाखवणार काय?

पुरस्कर्ता : उदाहरण म्हणून 'कासव' घ्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, डॉ. मोहन आगाशे यांनी निर्मिती केलेला हा चित्रपट 64 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम ठरला. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण जानकी नावाच्या बाईला भेटतो. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याला कोकणातल्या किनाऱ्यावरच्या घरी आणते आणि त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. त्याच किनाऱ्यावर सागरी कासवांची अंडी जपण्याचं काम चालू आहे. कोकणात हे काम करणारी माणसं अंड्यांभोवती जाळी लावतात, कुत्रे-कावळे हाकलतात; पण पिल्लं बाहेर आली की त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात. पिल्लू स्वतःच्या पायांनी लाटेपर्यंत जातं. आता गटात हा भाग दहा-बारा मिनिटं दाखवून चित्र थांबवलं, तर समुपदेशकाचा पहिला प्रश्न 'तुमच्यावर काय ओढवलं' असा नसतो. तो विचारतो, 'जानकीनं त्या मुलाला खोदून खोदून का विचारलं नसेल?' एखादी बाई म्हणते, विचारलं असतं तर तो पळून गेला असता. दुसरी म्हणते, कुणीतरी विचारावं असंही वाटत असतं. ती त्या मुलाबद्दल बोलते आहे, आणि फक्त त्याच्याबद्दल बोलत नाही, हे गटात बसलेल्या सगळ्यांना कळतं. ते उघड करायची सक्ती तिच्यावर कुणी करत नाही. सुमित्राबाई मुळात सामाजिक संशोधक होत्या. ज्या वस्तीतल्या बायकांवर संशोधन करायचं, त्यांना तो छापील अहवाल वाचता येत नाही, ही बोच त्यांना होती. त्यातूनच 1985 मध्ये त्यांची 'बाई' ही पहिली फिल्म आली. आपलं जगणं समोर ठेवून त्यावर बोलण्याचं साधन म्हणून चित्रपट आपल्याकडे कधीचाच आलेला आहे.

साशंक : इथे तुम्ही दोन वेगळी कामं एकत्र करता आहात. स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई', विस्मरणाच्या आजारावरचा 'अस्तु', आणि 'कासव', या चित्रपटांनी मराठी समाजाला मानसिक आजाराकडे बघायला शिकवलं, नातेवाइकांना शब्द दिले. ते मोठं काम आहे. पण ते लोकशिक्षण झालं. आघातानं पोखरलेल्या माणसावरचा उपचार ही निराळी गोष्ट आहे, आणि तिथे तुमच्या बाजूचा पुरावा तुटपुंजा आहे. लहान गट, थोडे आठवडे, तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नाहीच. दुसऱ्या बाजूला आघातकेंद्री बोधात्मक वर्तन उपचार किंवा डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेला ईएमडीआर उपचार यांच्यामागे पद्धतशीर चाचण्या उभ्या आहेत. सदिच्छेवर विसंबून गटात बोलतं करण्याचा एक मोठा प्रयोग जगानं करून पाहिला आहे, तोही विसरू नका. आपत्तीनंतर लगेच माणसांना एकत्र बसवून घडलेलं सांगायला लावायचं, अशी 'डिब्रीफिंग'ची पद्धत 1980 च्या दशकात फोफावली. सगळ्यांना वाटलं, बोललं की मोकळं होतं. मग चाचण्या झाल्या. भाजलेल्या रुग्णांवरच्या, 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत तेरा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा डिब्रीफिंग मिळालेल्यांपैकी 26 टक्के लोकांना आघातोत्तर ताणविकार होता. ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यात 9 टक्के. 'निदान नुकसान तरी होणार नाही' हे वाक्य या क्षेत्रात कुणीही उच्चारू नये.

पुरस्कर्ता : ते वाक्य मी उच्चारणार नाही. पण त्या अपयशातून काय शिकायचं ते नीट बघू या. डिब्रीफिंग एकाच बैठकीत व्हायचं, जखम ओली असताना व्हायचं, आणि घडलेलं थेट सांगायला लावायचं. चित्रपटाचा गट नीट बांधला तर या तिन्ही बाबतींत उलटा असतो. तो अनेक आठवडे चालतो, पहिला हादरा ओसरल्यावर सुरू होतो, आणि स्वतःची कहाणी सांगण्याची मागणीच करत नाही. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात बरं होण्याचे टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. डिब्रीफिंगनं पहिला टप्पा ओलांडून दुसऱ्यात उडी घेतली. मी चित्रपटाला पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधली जागा देतो. पुराव्यानं सिद्ध झालेल्या उपचाराच्या जागी मी तो आणत नाही. प्रश्न असा आहे, की तो सिद्ध उपचार देणार कोण? आपल्या देशात लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांबाहेर राहतात. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1985 मध्ये डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या साध्या डॉक्टरांनाच मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण दिलं, कारण तज्ज्ञांची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. असा गट जिथे सुरू करावा असं माझ्या मनात आहे, त्या उज्जैनच्या भैरवगढात आजही फार वेगळी स्थिती असेल असं मला वाटत नाही. तिथल्या छिप्यांचं, म्हणजे कापड छापणाऱ्या कारागिरांचं, बाटिक प्रसिद्ध आहे. कापडाच्या ज्या भागावर रंग चढू द्यायचा नाही, तिथे ते गरम मेण लावतात आणि मग कापड रंगात बुडवतात. चित्रपटातलं पात्र हे असं मेण आहे. संवादाच्या रंगात बुडताना मनाचा हुळहुळा भाग ते झाकून ठेवतं.

साशंक : उपमा चांगली आहे, पण ती अर्ध्यावर सोडू नका. रंग चढल्यावर छिपा ते कापड उकळत्या पाण्यात घालतो आणि मेण काढून टाकतो. मेण तसंच राहिलं तर ते कापड नेसता येत नाही. माझी खरी हरकत इथेच आहे. टाळणं हे आघातोत्तर ताणविकाराचं एक मुख्य लक्षण आहे. वाचलेला माणूस ती गल्ली टाळतो, तो वास टाळतो, ती तारीख टाळतो, आणि टाळल्यामुळेच भीती जिवंत राहते. मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांचा उपचार उभा आहे तो आठवणीला सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा सामोरं जाण्यावर. तुमच्या गटातली बाई दहा आठवडे त्या मुलाबद्दल बोलत राहिली, तर तुम्ही तिला टाळण्यासाठी एक प्रतिष्ठित जागा मिळवून दिलीत, एवढंच होईल. दुसरी गोष्ट शेवटाची. चित्रपटाला शेवट असतो. आपल्या लोकप्रिय सिनेमानं तर डोक्याला दुसरा मार बसला की गेलेली स्मृती परत येते, अपराधी मेला की पीडिता हसते, असे शेवट पिढ्यान्‌पिढ्या दाखवले. पडद्यावरचा माणूस दोन तासांत सावरतो. समोर बसलेल्या बाईला आठ वर्षांत सावरता आलेलं नसतं. ती उमेद घेऊन घरी जाते की अपराधीपणा, हे तुम्हाला कसं कळणार? आणि भाषेचं काय? भैरवगढातली बाई माळवी बोलते. कोकणातला समुद्र, मराठी संवाद, हे सगळं तिला परकं आहे.

पुरस्कर्ता : परकेपणाचं आधी बोलतो. थोडं परकेपण मला हवंच आहे. माळव्यातल्या बाईनं समुद्र पाहिला नसेल, तर त्या किनाऱ्यावर तिची कुठलीही वाईट आठवण दडलेली नाही. पण शब्दच कळले नाहीत तर अंतर राहत नाही, भिंत होते. म्हणून कमी संवादांचे तुकडे निवडावे लागतील आणि माळवी बोलणारी समुपदेशक लागेल. शेवटाबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि त्यावर उपाय साधा आहे : शेवट दाखवायचाच नाही. गटाला अख्खा चित्रपट लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा पुरतो. खोलीत अंधार करायचा नाही, दिवे चालू ठेवायचे. आवाज कमी. तुकड्यात काय येणार हे आधी तोंडी सांगायचं, म्हणजे अचानक काही अंगावर येणार नाही. दोन समुपदेशक असावेत. एक पडद्याजवळ, एक दाराजवळ, म्हणजे कुणी उठून बाहेर गेलं तर सोबतीला माणूस असतो. खुर्च्या दाराकडे पाठ करून मांडायच्या नाहीत. आणि रिमोट गटातल्या बायकांकडे द्यायचा. कुणीही, कारण न सांगता, चित्र थांबवू शकेल. ज्यांच्या आयुष्यात नको ते घडत असताना काहीच थांबवता आलं नव्हतं, त्यांना नको असलेलं दृश्य बोटाच्या एका दाबानं थांबवता येतं, आणि खोलीतलं कुणी रागावत नाही. माझ्या दृष्टीनं उपचार इथे सुरू होतो. कथेला त्यानंतरचं स्थान आहे. राहिला टाळण्याचा आक्षेप. तो सगळ्यांत खरा आहे आणि त्याची कसोटीही ठरवता येते. आठवडे उलटतात तशी बाई 'त्या मुलाला असं वाटलं असेल' इथून 'मलाही तेव्हा' इथे येते का? आली, तर तिला एकटीला पुढच्या उपचाराकडे न्यायचं. नाही आली, तर तो प्रयोग तिच्यासाठी फसला असं लिहून ठेवायचं.

साशंक : तुम्ही रिमोटची गोष्ट काढलीत हे बरं झालं, कारण आता तुमचं म्हणणं मला स्पष्ट दिसतं. तुमचा भर चित्रपटावर नाहीच. तो नकाराच्या हक्कावर आहे. मग मी त्याच हक्काबद्दल विचारतो. भैरवगढात उज्जैनचं केंद्रीय कारागृह आहे. आघातातून वाचलेली माणसं शोधायला गेलात तर भिंतीआड ती नक्की सापडतील. बंदी म्हणजे केवळ गुन्हेगार नव्हे, त्यातल्या कित्येकांनी आधी मार, छळ, अत्याचार सोसलेला असतो. स्त्रीबंद्यांबद्दल तर वेगळं सांगायला नको. तिथे तुमची खोली कशी असेल? दार बाहेरून बंद. दाराशी तुमची समुपदेशक नाही, पहारेकरी. कच्च्या कैद्यानं गटात बोलता बोलता काही सांगितलं, तर ते त्याच्याविरुद्ध जाणार नाही याची हमी कोण देणार? आणि 'येत नाही' असं म्हणणाऱ्याबद्दल कुणी मनात नोंद करणार नाही? माफीचे दिवस, पॅरोल, बरॅकीतली वागणूक, हे सगळं साहेबांच्या मर्जीशी जोडलेलं असताना त्यानं दिलेल्या होकाराला होकार म्हणता येत नाही. कॅमेरा आणि उपचार एकत्र आले की काय होतं याचा एक दाखलाही आहे. दुसऱ्या महायुद्धातून मनानं मोडून परतलेल्या सैनिकांवर, त्यांच्या गटचर्चेसह, जॉन ह्यूस्टन यांनी 1946 मध्ये 'लेट देअर बी लाइट' हा माहितीपट केला. अमेरिकी लष्करानं तो सैनिकांच्या खासगीपणाचं कारण देऊन 1980 पर्यंत अडवून ठेवला. लष्कराला खरोखर खासगीपणाची काळजी होती की युद्धाचा हा चेहरा लपवायचा होता, यावर वाद झाला. पण त्या सैनिकांना दोन्ही वेळा, चित्रीकरण करताना आणि ते अडवताना, खरा निर्णय घेता आला नाही, हे कुणाला नाकारता येईल? तुमच्या गटाचा पहिला दिवस झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'कारागृहात आगळा उपक्रम' म्हणून छायाचित्र येईल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार घेणाऱ्याचं छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई केली आहे. पण संमतीच जिथे पोकळ, तिथे हे कलम कुणाला वाचवणार?

पुरस्कर्ता : याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे, ते देतो. औंध संस्थानात पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीनं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं आणि शिक्षा झालेल्यांना खुलं ठेवून पाहिलं. त्यावरूनच 1957 मध्ये व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. बंद्याच्या हातात काही निर्णय ठेवता येतात, हे त्या प्रयोगानं दाखवलं. तुरुंगातला नकार पूर्ण मोकळा कधीच नसेल, पण त्याची किंमत कमी करता येते. हजेरीची नोंद कारागृहाकडे जायची नाही. गटाचा माफीशी, पॅरोलशी, चांगल्या वर्तणुकीच्या शेऱ्याशी काडीचाही संबंध नसेल, हे लेखी ठरवायचं. पहारा ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. खटला चालू असलेल्यांना गटात घ्यायचंच नाही, किंवा गुन्ह्याबद्दल इथे बोलायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी सांगायचा. कॅमेरा नाही, उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत. त्याच 2017 च्या कायद्यानं प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावं असं म्हटलं आहे. तेव्हा उपचार भिंतीआड नेणं ही कुणाची मेहेरबानी नाही, ते देणं आहे. संमती निर्मळ होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांनाच आपण सर्वांत शेवटी ठेवतो.

साशंक : आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्यापासून सुरुवात केली, तर आपण त्यांना प्रयोगाचं साहित्य करतो. म्हणून माझी अट ऐका. आधी भिंतीबाहेर करा, भैरवगढाच्या वस्तीत, जिथे बाई उठून घरी जाऊ शकते. किती बायका आल्या हे मोजू नका, तेवढं सगळेच मोजतात. किती जणींनी चित्र थांबवलं, किती जणी मधूनच गेल्या, त्यातल्या किती परत आल्या आणि न आलेल्यांचं पुढे काय झालं, हे मोजा. ज्यांना त्रास वाढला त्यांची नोंद यशाच्या नोंदीच्या आधी ठेवा. एवढं केलंत तर मी तुमच्या खोलीत येऊन बसेन.

पुरस्कर्ता : अट मान्य. माझीही एक अट घाला त्यात. भिंतीबाहेर तो उपयोगी ठरला, तर 'तुरुंगात मोकळी संमती शक्य नाही' असं म्हणून तुम्ही विषय मिटवायचा नाही. मग तुम्हाला सांगावं लागेल, की ज्या माणसाला आपण कुलूप लावलं आहे, त्याला निदान नकोसं दृश्य थांबवण्याचा हक्क द्यायला आपण त्या जागेत काय काय बदलणार आहोत. तो बदल चित्रपटापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे मला माहीत आहे.

साशंक : तो बदल शक्य आहे की नाही, याबद्दल आपलं आजही एकमत नाही. मला वाटतं, कुलूप लावणाऱ्यानं दिलेला थांबवण्याचा हक्क हा त्यानं कधीही काढून घेण्याजोगा असतो. तुम्हाला वाटतं, काढून घेता येणारा हक्कसुद्धा हाती असताना माणसाला बदलतो. यातलं खरं काय, ते आपण दोघं ठरवू शकत नाही. ते रिमोट हातात घेणाऱ्यांनाच विचारावं लागेल, आणि त्यांचं उत्तर आपल्या दोघांच्याही विरोधात जाऊ शकतं हे धरूनच विचारावं लागेल.